दोन मराठी दारं, मधलं घर इंग्रजी

‘इंग्रजी धड येत नाही, तर लॉला कशाला जायचं?’

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मी तीन ठिकाणी ऐकला. एकदा लग्नाच्या मांडवात, एकदा मालाडहून मढला येणाऱ्या २७१ नंबरच्या बसमध्ये, आणि तिसऱ्यांदा तो थेट कॉलेजातून घरी आला. एका मास्तरांनी भरवर्गात विचारला होता आणि माझ्या पुतणीने संध्याकाळी तो ओट्यावर आणून ठेवला. कॉलेजचं नाव मी इथे घालत नाही, मास्तरांचंही नाही. पण विचारणारे तिघेही मराठी होते, हे मात्र लिहून ठेवतो.

मी मढचा. पावसात भात, पुढे थंडीत वाल, मुळा, माठ, पालक अशी भाजीची वाडी करणारा माणूस. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड १९७५ साली आलं, त्यानंतर दोनच वर्षांनी मी दहावी झालो आणि शाळा सोडली. मढ मुंबईत आहे हे आम्हाला महानगरपालिकेच्या बिलावरून कळतं. एरवी समोरच्या वेसाव्याला जायचं तर अजून तरीत बसून खाडी ओलांडावी लागते आणि पावसात समुद्र खवळला की ती तरही बंद. अशा गावातल्या माणसाने हायकोर्टाच्या भाषेवर बोलावं का, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर सोपं आहे. जमीन आमची, समुद्रकिनारा आमच्या दारात, गावठाणाची हद्द, कोळीवाड्याची हद्द, भरतीरेषेपासून किती मीटर, कोण कूळ आणि कोण मालक, हे सगळे दावे आमचे. कोर्टात उभा राहणारा माणूस आम्ही. तिथे काय चाललंय ते समजून घ्यायचा हक्क आमच्याइतका कुणाचा असेल?

आता पुतणीचं सांगतो. धाकट्या भावाची मुलगी. पालिकेच्या मराठी शाळेत शिकली, पुढे मालाडला जाऊन बी.ए. केलं, मग तीन वर्षांच्या लॉला नाव घातलं. सीईटी दिली. त्या सीईटीचा पेपर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत येतो. इंग्रजीचे वेगळे प्रश्न असतात ते असतात, पण कायद्याचे, तर्काचे, सामान्य ज्ञानाचे प्रश्न मराठीत वाचून सोडवता येतात. तिने सोडवले आणि आत गेली. तीन वर्षं पार पडली की वकिलीसाठी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, २०१० साली ठरवलेली. तीही मराठीतून देता येते. म्हणजे बघा, आत शिरायचं दार मराठी, बाहेर पडायचं दारही मराठी, आणि मधे तीन वर्षं राहायचं ते घर अख्खं इंग्रजी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत कायदा शिकवायचं माध्यम इंग्रजीच धरलेलं आहे. दुसऱ्या भाषेत शिकवलं तर इंग्रजीचा वेगळा पेपर घ्या, असं सांगितलेलं आहे. मराठीत उत्तरं लिहायची मुभा कुठेकुठे असते. पण पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, नोट्स इंग्रजी, निकालपत्रं इंग्रजी, मग उत्तर मराठीत लिहायचं ते कुठल्या शब्दांत? ती मुभा म्हणजे पाणी न घालता पीक घ्यायची मुभा.

पहिल्या महिन्यात पोरगी निम्मी झाली. आमच्या घरात रडारड करायची पद्धत नाही, त्यामुळे ती रडली नाही. पण सकाळची तर पकडायला निघताना पाठीवरची पिशवी दोनदा उघडून बघायची. रात्री दिव्याखाली पुस्तक उघडं आणि बोट एकाच ओळीवर. एकदा मी विचारलं, काय गो बाय, काय अडलंय? म्हणाली, ‘आबा, मना शब्द समजतात, पण वाक्य समजत नाय.’ हे मी नीट लक्षात ठेवलं, कारण तिच्या रोगाचं निदान त्यात आहे. शब्द डिक्शनरीत मिळतात. मी पाचवीपासून इंग्रजी शिकलो. राज्य सरकारने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्यामुळे ही पहिलीपासून शिकली. पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलीला वाक्य का समजत नाही? कारण कायद्याचं इंग्रजी हे शाळेतलं इंग्रजी नाहीच. अर्ध्या पानाचं एक वाक्य, त्यात तीन ‘परंतु’, दोन ‘त्याखेरीज’, आणि शेवटी कळतं की सुरुवातीला दिलेलं सगळं मधल्या एका अटीने काढून घेतलेलं आहे. वर लॅटिन. रेस ज्युडिकाटा, लोकस स्टँडाय, लिस पेंडन्स. कॉन्व्हेंटात शिकलेल्या पोरांनाही हे समजत नाही, असं तीच मला नंतर सांगत होती. फरक इतकाच की त्यांना समजलं नाही तर ती हात वर करून विचारतात. हिला समजलं नाही तर हिला वाटतं, आपलंच इंग्रजी कच्चं.

माझं भांडण इथे आहे. एकाच न कळण्याला एका पोराच्या बाबतीत ‘विषय कठीण आहे’ म्हणायचं आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘तुझी भाषा कच्ची आहे’ म्हणायचं.

वर्गात एकदा हिने कर्जाचा इंग्रजी शब्द ‘डेब्ट’ असा उच्चारला. त्यात ब लिहायचा असतो पण बोलायचा नसतो म्हणे. वर्ग हसला. मास्तरही हसले आणि मग तो वर सांगितलेला प्रश्न आला. आमच्या गावात साठ वर्षं मी कर्ज बघतोय, काढलेलं, फेडलेलं, बुडवलेलं. त्यात मुका ब असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण कर्जाचं व्याज कसं चढतं, जामीन राहिलेल्या माणसाची झोप कशी जाते, हे त्या हसणाऱ्या वर्गात किती जणांना माहीत होतं? त्यानंतर पुतणी दोन महिने वर्गात बोलली नाही. मूट कोर्ट म्हणून एक प्रकार असतो, खोटंखोटं कोर्ट भरवून वाद घालायचा. त्यातून तिने नाव काढून घेतलं. तरीही वाडीत विहिरीजवळ उभी राहून वांग्यांच्या सरीपुढे ‘मे इट प्लीज युवर लॉर्डशिप’ म्हणताना मी तिला ऐकलंय. वांगी काही हसत नाहीत.

लोक म्हणतात, भीती इंग्रजीची असते. मला नाही तसं वाटत. भीती हसण्याची असते, आणि तिचं मूळ फार मागे जातं. आमच्या घरात ‘मला’ नाही, ‘मना’ म्हणतात. ही पोर पहिलीत गेली तेव्हा बाईंनी ‘मना नाही, मला म्हणायचं’ असं शिकवलं. म्हणजे ज्याला तुम्ही मातृभाषेचं माध्यम म्हणता ती आमच्या ओट्यावरची भाषा कधीच नव्हती. पुस्तकातलं मराठी ही तिची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी, आणि कायद्याचं इंग्रजी चौथी. दर पायरीवर कुणीतरी हसलेलं आहे. एवढं होऊनही ती चौथ्या पायरीवर जाऊन उभी आहे, तर तिला शाबासकी द्यायची की ‘इथे कशाला आलीस’ विचारायचं?

आता जरा गहाणाबद्दल सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे.

पहिल्या वर्षी नव्हे, पुढे एकदा तिला मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा लागला. १८८२ चा. त्याच्या अठ्ठावन्न कलमात गहाणाचे सहा प्रकार दिलेत. चार दिवस ती ते पाठ करत होती. ‘सिम्पल मॉर्गेज’, ‘मॉर्गेज बाय कंडिशनल सेल’, ‘युझुफ्रक्चुअरी मॉर्गेज’. हा शेवटचा शब्द मी इथे लिहिताना तिच्याकडून दोनदा तपासून घेतलाय. मी भाजीच्या जुड्या बांधत होतो. म्हटलं, सांग बघू सिम्पल म्हणजे काय. तिने आडखळत सांगितलं की जमीन देणेकऱ्याच्याच ताब्यात राहते, पण पैसे नाही दिले तर ती विकून वसूल करता येते. मी म्हटलं, हे तर नजरगहाण. जमीन माझ्या ताब्यात, वर फक्त सावकाराची नजर. दुसरं सांगितलं, कागद विक्रीचा, पण ठरल्या मुदतीत पैसे भरले तर जमीन परत. म्हटलं, मुदतखरेदी! या एका कागदाने महाराष्ट्रात किती जमिनी गेल्या याची गणती नाही, कारण मुदत संपली की सावकार म्हणायचा ही विक्रीच होती, आणि कूळ म्हणायचं ही गहाणच होती. तिसरं, सावकार जमीन स्वतः कसतो आणि येणारं पीक व्याजात धरतो. ते कब्जेगहाण. चौथं, घराचे कागद ठेवून उचल घेणं. तेही कुणाला सांगायला नको. पाचवा प्रकार नावानेच ‘इंग्लिश मॉर्गेज’, तो मला ठाऊक नव्हता. तो तिने मला शिकवला. सहावा म्हणजे उरलेल्यांची भेळ.

अर्ध्या तासात प्रकरण संपलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी चार दिवसांत बघितलं नव्हतं. ‘आबा, हे तर मना माहीत होतं,’ म्हणाली. होतंच. तिच्या आजीच्या तोंडून हे शब्द तिने लहानपणापासून ऐकले होते. मग पुढच्या आठवड्यात ईझमेंटचा कायदा निघाला, तोही १८८२ चाच. दुसऱ्याच्या बांधावरून वीस वर्षं उघडपणे, हक्काने, बिनअडथळा ये-जा केली की वाटेचा हक्क तयार होतो. आम्ही त्याला वहिवाट म्हणतो. त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात रूढीने आलेले हक्क आहेत. ते वाचून ती स्वतःच म्हणाली, मग आपल्याकडे किनाऱ्यावर बोंबलाच्या वलांड्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, त्या या कलमाला लावून बघता येतील का? येतील की नाही मला माहीत नाही. पण कायद्याचा विद्यार्थी म्हणतात तो असा प्रश्न विचारतो. हा प्रश्न तिच्या वर्गात दुसऱ्या कुणाला सुचला असता? आणि तो तिला वर्गात सुचला नाही, वाडीत सुचला, मराठीत सुचला. कॉलेजने एवढंच करायला हवं होतं. सहा प्रकारांच्या शेजारी सहा मराठी शब्द फळ्यावर लिहायचे. खडूचा खर्च काय तो.

आणि तो मॉर्गेज शब्द तरी कुठे इंग्रजांचा आहे? पुतणीने शोधून सांगितलं, तो जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ ‘मेलेलं तारण’. इंग्लंडच्या राजवाड्यात आणि कोर्टात कितीतरी काळ फ्रेंच चालायची, कागद लॅटिनमध्ये. तिथल्या शेतकऱ्यावर खटला चालायचा आणि आपल्याबद्दल काय बोलतायत हे त्याला कळायचं नाही. १३६२ साली तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळात त्यांनी कायदा केला, कारण काय दिलं, तर लोकांना फ्रेंच कळत नाही, म्हणून कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं. तरी वकिलांनी फ्रेंच आणि लॅटिन सोडलं नाही. शेवटी १७३३ साली कागदही इंग्रजीत आले. म्हणजे खुद्द इंग्रजांना आपल्या कोर्टात आपली भाषा आणायला पावणेचारशे वर्षं लागली, आणि तेव्हाही वकील हेच म्हणत होते की इंग्रजीत कायद्याची नेमकी संज्ञा मिळत नाही. त्याच इंग्रजांचा कायदा आम्ही घेतला. त्यांचं भांडण मात्र घ्यायचं विसरलो.

भांडण आमच्याकडेही झालं होतं, वेगळ्या तऱ्हेने. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. माणसं मारली नाहीत, कर्जरोखे शोधून जाळले. वाचता येत नसलेला कागद आपल्याला खातो हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यानंतर सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी करणाऱ्यासमोर लिहिला जावा अशी तरतूद केली, म्हणजे काय लिहिलंय ते त्याला समजावं. परक्या सरकारला १८७९ साली जे सुचलं ते आपल्या सरकारला आज का सुचत नाही?

सुचतं, पण अर्धं. १९९८ साली राज्याने जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या कोर्टांची भाषा मराठी ठरवली. न्यायाधीश व्हायचं तर मराठी लिहिता-वाचता-बोलता यावं, मराठीचं इंग्रजीत आणि इंग्रजीचं मराठीत करता यावं, असा नियम आहे. म्हणजे खाली मराठी लागतं. आणि वर? घटनेच्या ३४८ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं इंग्रजीत चालतात, संसद दुसरं काही ठरवेपर्यंत. सरकारी कामाच्या इंग्रजीला घटनेने पंधरा वर्षांची मुदत तरी घातली होती. कोर्टाच्या इंग्रजीला मुदतच नाही. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक खिडकी ठेवलीय. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्यपालांना राज्याची भाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात आणता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी त्या खिडकीतून हिंदी आत नेली. तामिळनाडू, गुजरात, कर्नाटक, पश्चिम बंगाल यांनी आपापल्या भाषांसाठी मागणी केली, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती मान्य केली नाही. हिंदीला जमतं ते तमिळला आणि गुजरातीला का जमत नाही, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

आपले पुढारी दुकानाच्या पाट्यांवर भांडले. पाट्या मराठी झाल्या, चांगलं झालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, फटाके वाजले, मलाही बरं वाटलं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, त्यासाठी तिथल्या वकिलांनी कितीतरी वर्षं लढा दिला. पण तो पक्षकार आता कोल्हापुरात बसून जे ऐकेल ते इंग्रजीच. कोर्ट जवळ आलं, भाषा होती तिथेच राहिली.

समोरच्यांचं म्हणणं मी ऐकलेलं नाही असं नाही. एक जुने वकील माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनी मला शांतपणे समजावलं. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश परराज्यांतून बदलून येतात, त्यांना मराठी कशी यावी? मद्रासचा निकाल मुंबईत आधार म्हणून दाखवायचा तर मधे एक भाषा हवी. वर सर्वोच्च न्यायालयात सगळं इंग्रजीतच जायचं. भाषांतराचा खर्च आणि वेळ आहे, चूक झाली तर पक्षकार बुडतो. यातलं एकही म्हणणं खोटं नाही. मी कुठे म्हणतो इंग्रजी काढून टाका? पुतणीला इंग्रजी आलंच पाहिजे, चांगलं आलं पाहिजे, त्या मास्तरांपेक्षा चांगलं आलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ते शिकायला तिला कॉलेजात यायचं आहे, शिकून झाल्यावर नाही. आणि न्यायाधीश बदलून येतो त्याची अडचण तुम्ही समजून घेता, मग जी कधीच कुठून बदलून आली नाही, इथेच जन्मली, तिची अडचण का समजून घेत नाही?

दुसरा एक जण म्हणाला, बाबासाहेब शिकलेच ना इंग्रजीत? शिकले. १९२२ ला लंडनहून बॅरिस्टर झाले. पण डोंगराएवढा माणूस दाखवून दर पोराला ‘तू का नाही एवढा’ विचारणं हा कुठला न्याय? आणि त्याच माणसाने, बॅरिस्टर व्हायच्या आधीच, १९२० ला आपल्या लोकांसाठी ‘मूकनायक’ काढलं ते मराठीत काढलं, हे सोयीने विसरायचं. आपले भूषण गवई अमरावतीत नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या वर्गात कुणी हसलं होतं की नाही मला ठाऊक नाही. पण पालिकेच्या शाळेत शिकलेलं पोर कायद्याला चालत नाही असं म्हणणाऱ्याने आता तरी गप्प बसावं.

आमच्या बाजूच्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. कायदा मराठीत आणा म्हटलं की काही विद्वान जे मराठी काढून देतात ते बघून माझ्यासारख्याला इंग्रजी बरं वाटायला लागतं. कोर्टाने काम थांबवायला सांगितलं तर गाव म्हणतं मनाई हुकूम, नाहीतर सरळ ‘स्टे’. पुस्तकात लिहितात ‘व्यादेश’. आम्ही म्हणतो करार, पुस्तकात ‘संविदा’. जमीन दुसऱ्याच्या नावावर करणं म्हणजे ‘अन्यसंक्रामण’. हे ऐकून साथीचा रोग वाटतो. आपल्याकडे फिर्याद, अर्ज, दावा, वकील, जामीन, मुदत, हुकूम, तारीख हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि आमच्या बायकांच्या तोंडी बसले. सातबारा, फेरफार, पोटखराबा, खातेदार, हिस्सा, हे न शिकलेल्या माणसालाही कळतं. १९४८ चा कूळकायदा गावोगावी लोकांनी ‘बत्तीस ग’, ‘त्रेचाळीस’ अशा कलमांच्या आकड्यांनी तोंडपाठ केला, कारण त्यात त्यांची जमीन होती. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहाराचा कोश केलाय, त्यामागे मेहनत मोठी आहे. पण कोश करणाऱ्यांनी एकदा तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली, अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलाशी चार दिवस बसावं. निम्मे शब्द तिथे फुकट मिळतील. पुतणीला इंग्रजी ‘इंजंक्शन’ची जेवढी भीती वाटत होती तेवढीच ‘व्यादेशा’ची वाटली. भीती घालवली ती ‘स्टे’ने.

आता सर्वोच्च न्यायालयाचे निकाल यंत्राच्या मदतीने मराठीत होऊ लागलेत, त्यातले काही तिने मला मोबाइलवर दाखवले. वाचायला खडबडीत, पण अर्थ लागतो. १ जुलै २०२४ पासून १८६० चं पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली. नाव आपलं झालं. हिला जुनी कलमं आणि नवी कलमं दोन्ही पाठ करावी लागली, आणि नव्या नावाच्या कायद्याचं पुस्तक कॉलेजने लावलं ते इंग्रजीच.

सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात एक विषय राहिला होता, तो सुटला. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी अशी तिने आपली सोय केलीय. तिच्या वर्गातली जव्हारकडची दोन मुलं आणि एक गोवंडीची मुलगी त्या वह्यांच्या झेरॉक्स नेतात. गोवंडीच्या मुलीची घरची भाषा उर्दू, पण तिला फिर्याद आणि मुदत समजावून सांगावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या घरी एका सरकारी कार्यालयाची नोटीस आली, चार पानांची, इंग्रजी. घरातला मुलगा बारावी झालेला आहे, त्याने वाचली आणि ‘काहीतरी जागेचं आहे’ म्हणून टीव्हीच्या मागे ठेवून दिली. घरच्या म्हातारीला चैन पडेना, ती कागद घेऊन आमच्या ओट्यावर आली. पुतणी नुकतीच तरीवरून उतरून आली होती, तिने चहासुद्धा घेतला नव्हता. उभ्याउभ्या वाचली. मग खाली बसून म्हातारीला तिच्याच बोलीत एकेक कलम सांगितलं, काय मागितलंय, कुठले कागद जोडायचे, कुणाच्या नावाने अर्ज करायचा. म्हाताऱ्या बाईने दोन ठिकाणी अडवून विचारलं, हिने परत सांगितलं. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत होती. त्यातले एकोणीस टीव्हीच्या मागे गेले होते.